खोल थांबे की उथळ?

दादा, खोल बुडीवरून वर येताना अंगातला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून जे थांबे घेतो, त्यातला पहिला खोलवर घेतला की नायट्रोजनचे बुडबुडे लहान असतानाच आवरतात, हे तुमचं म्हणणं मीही कित्येक वर्षं मानत होतो. पण अमेरिकन नौदलाने ते माणसांवर तपासलं. 52 मीटर खोली, तळाशी 30 मिनिटं, श्वासाला साधी हवा. एका गटाचे थांबे खोलवर सुरू होणारे, दुसऱ्याचे उथळ; दोन्ही गटांना थांब्यांसाठी सारखीच 174 मिनिटं, फरक फक्त वाटपाचा. 2011 च्या अहवालात बेंड्स (या बुडबुड्यांमुळे होणारा पाणबुड्यांचा आजार) जास्त झाले ते खोल थांबेवाल्यांनाच! खोलवर रेंगाळलं की चरबीसारख्या संथ ऊती नायट्रोजन शोषतच राहतात, आणि ते देणं वर आल्यावर अंगावर येतं.

मी मनगटावरच्या बुडीच्या कॉम्प्युटरवरचा ग्रेडियंट फॅक्टर (अंगातल्या जादा नायट्रोजनच्या मर्यादेच्या किती टक्क्यांपर्यंत जायचं ते; पहिला आकडा पहिल्या थांब्याचा, दुसरा पाण्याबाहेर येतानाचा) 20/85 चा 50/75 केला. आता पहिला थांबा वर सरकलाय आणि शेवटचे लांबलेत. लाटेबरोबर दोर हाताला हिसके देत असतो, तरी 3 मीटरवरचं शेवटचं मिनिटही मी सोडत नाही.

आणि आपण नाशिककर एक गोष्ट हमखास विसरतो. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच आहे. बुडी मारून त्याच संध्याकाळी कसारा घाट चढायचा म्हणजे अंगावरचा दाब आणखी उतरवायचा. मी ती रात्र किनाऱ्यावरच काढतो.