'सुरू' म्हणजे नेमकं कोणतं झाड?

प्रश्न (कोल्हापूर):
एका उर्दू कथेचं मराठी करतेय. नायिकेच्या उंच, सडपातळ बांध्याला तिथं 'सर्व'ची उपमा आहे. 'सुरूसारखी' म्हणावं का? मामांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "सुरू म्हंजे तारकर्लीला किनाऱ्यावर असतोय त्यो न्हवं? त्यो तर वाऱ्यानं पार विस्कटल्याला असतोय." शब्द एकच वाटतो, मग झाडं दोन कशी?

उत्तर (रुईकर कॉलनी):
ताई, मामांचं निरीक्षण पक्कं आहे. फारसी 'सर्व' म्हणजे इराणकडचा, मशालीच्या ज्योतीसारखा निमुळता वाढणारा वृक्ष. मोगल बागांच्या पाटांकडेला तोच असायचा, उर्दू शायरीतही तोच. मराठीत त्याचं सरू झालं, सुरूही झालं.

किनाऱ्यावरचा सुरू पूर्णपणे वेगळा. त्याचं शास्त्रीय नाव कॅझुआरिना इक्विसेटिफोलिया. मूळचा आग्नेय आशिया, उत्तर ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिक बेटांवरचा. आपल्या अंदमानातही नैसर्गिकपणे वाढतो. मुख्य भूमीवर मात्र तो आणलेला आहे. 1860 च्या दशकात कारवारच्या किनाऱ्यावर जळणासाठी त्याची लागवड झाली. पुढे वाळू धरून ठेवायला आणि वारा अडवायला कोकणभर लावला गेला, बागांतही शोभेसाठी आला. उंच, सरळ, लांबून सुयांसारखा दिसणारा, म्हणून लोकांनी ओळखीचं नाव त्याला दिलं असावं. माझ्या मते हे नाव अगदी समजून दिलेलं आहे, अज्ञानातून नव्हे.

त्या सुया मात्र सुया नाहीत, पानंही नाहीत. ती हिरवी काडी म्हणजे बारीक फांदी. हलकेच ओढलीत तर पेरात तुटते, आणि त्या पेराभोवती सहा-आठ इवले दात दिसतात. तीच खरी पानं. फळ पाइनच्या शंकूसारखं दिसत असलं तरी हा सपुष्प वृक्ष आहे, पाइनच्या कुळाशी त्याचा संबंध नाही. 'कॅझुआरिना' हे नाव मलय भाषेतल्या कॅसोवरी पक्ष्याच्या नावावरून आलंय. लोंबत्या फांद्या त्याच्या पिसांसारख्या दिसतात.

तेव्हा तुमच्या कथेत 'सरू' लिहा. 'सुरू' लिहिलंत तर आपल्याकडच्या वाचकाला मालवणचा किनाराच दिसणार.

प्रतिसाद (गडहिंग्लज):
आमच्याकडं कन्नड बोलणारे पाहुणे याला 'गाळी मर' म्हणतात. गाळी म्हणजे वारा, मर म्हणजे झाड. सुरूच्या बनात उभं राहून ती सूं सूं ऐकली की नाव लगेच पटतं. कन्नडात 'सर्वे मर'ही आहे, म्हणजे फारसी शब्द तिकडंही याच झाडाला चिकटला. पण 'सरू' आता बोलतंय कोण? वाचकाला तो छापखान्याची चूक वाटेल.

उत्तर (रुईकर कॉलनी):
बोलण्यात नाही, पण छापील मराठीत आहे. मराठी बायबलमध्ये लबानोनचे 'गंधसरू' येतात. तो आणखी तिसराच वृक्ष, आपल्या हिमालयातल्या देवदाराचा सख्खा भाऊबंद. कोल्हापुरात मिशनचं काम एकोणिसाव्या शतकापासूनचं, त्यामुळं इथल्या ख्रिस्ती घरांत हा शब्द कानावरचा आहे. तरी शंका असेल तर पहिल्या वेळी 'सरूच्या निमुळत्या झाडासारखी' लिहा, पुढं नुसतं 'सरू' चालेल.

शुद्धलेखनाचंही सांगतो. झाडाचं नाव दीर्घ, 'सुरू'. सामान्यरूपातही दीर्घच: सुरूचं, सुरूच्या. फलकांवर 'सुरुची बाग' लिहिलेलं दिसतं, त्याचा अर्थ चांगल्या अभिरुचीची बाग असा होतो. काम सुरू होतं त्यातला 'सुरू' अरबीतून आलाय, त्याचं या झाडाशी नातं नाही.

प्रतिसाद (शाहूपुरी):
एक जोडतो. सुरूखाली काड्यांचा जाड थर साचतो, त्यात मर्यादवेलीसारखा वाळूवरचा मूळचा झाडोरा टिकत नाही. लागवड भरतीच्या रेषेला भिडली तर कासवांना अंडी घालायला मोकळी वाळूही उरत नाही. म्हणून कोकणावर लिहिणाऱ्यांनी सुरूला 'किनाऱ्याचं मूळ झाड' म्हणू नये, 'लावलेलं बन' म्हणावं.

प्रश्नकर्ती:
'सरू' ठेवते. मामांनाही पटलं.