भावजयीचे आजारपण आणि मुलांची काळजी : नाशिकमध्ये सुरुवात कोठून करावी?

प्रश्न (सिडको)

माझा धाकटा भाऊ कांद्याच्या गाडीवर चालक आहे. पिंपळगावहून माल भरून निघाला की तो दहा-बारा दिवस घरी नसतो. गेल्या पाच महिन्यांपासून भावजय रात्र-रात्र जागी असते, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात असे म्हणते आणि संध्याकाळ झाली की दोन्ही मुलांना आत घेऊन दाराला कुलूप लावते. थोरली भाची अकरा वर्षांची आहे. धाकट्याचे आवरणे, कुकर लावणे आणि आईने किल्ली कोठे ठेवली ते शोधणे ही कामे तिच्यावर आल्यामुळे तिची शाळा आठवड्यातून दोन-तीन दिवस बुडते. आमची आई याला बाहेरची बाधा म्हणते. देवऋषीकडे दोन फेऱ्याही झाल्या. एका परिचिताने १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करण्यास सुचवले, परंतु फोन केला तर मुलांना उंटवाडीच्या बालगृहात नेऊन ठेवतील अशी भीती भावाला वाटते आणि खरे सांगायचे तर मलाही वाटते. नणंदेने सांगितले म्हणून भावजय दवाखान्यात येणार नाही, हेही उघड आहे. काय करावे?

उत्तर १ (शालेय समुपदेशक, पंचवटी)

ताई, सर्वांत आधी त्या कुलपाचे पाहा. रात्री आग लागली किंवा गॅस सुटला तर मुले बाहेर कशी पडणार? दुसरी किल्ली करून विश्वासातील शेजाऱ्याकडे आजच ठेवा.

त्यानंतर १४४१६ हा टेली मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या दूरध्वनी सेवेचा, क्रमांक लावा. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा विनामूल्य व चोवीस तास उपलब्ध असून तेथे मराठीत बोलता येते. फोन रुग्णानेच केला पाहिजे असे नाही. भावजयीला कसे बोलते करावे हे तुम्हीही विचारू शकता. प्रत्यक्ष तपासणीसाठी त्र्यंबक रोडवरील जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. ठाण्याला किंवा येरवड्याला न्यावे लागेल असे लोक परस्पर सांगतात, परंतु बहुतेक रुग्णांना मनोरुग्णालयात भरती करण्याची गरजच पडत नाही.

१०९८ विषयी तुमची भीती समजते. तथापि बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे. प्रकरण बालकल्याण समितीपुढे, म्हणजे मुलांच्या काळजी-संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या समितीपुढे, गेलेच, तर घरच्या परिस्थितीची चौकशी करून मूल पालकांकडेच, आवश्यक तर देखरेखीखाली, ठेवण्याचा आदेश समिती देऊ शकते. मुलांवर प्रेम असलेली आणि जवळच राहणारी आत्या आहे, ही गोष्ट त्या चौकशीत मोलाची ठरते. मात्र आईच्या हातून मुलांना इजा होईल असे क्षणभर जरी वाटले, तर विचार करीत बसू नका, ११२ हा तातडीच्या मदतीचा क्रमांक लावा.

उत्तर २ (नाशिकरोड)

माझ्या पत्नीच्या आजारपणात आम्ही एक चूक केली. देवदर्शनाला जायचे आहे असे सांगून तिला डॉक्टरांकडे नेले आणि पुढे सहा महिने तिने घरातील कोणावरही विश्वास ठेवला नाही. पाळतीचा संशय असलेल्या माणसाशी खोटे बोलणे म्हणजे त्याचा संशय खरा करून दाखवणे होय. पाळत खरी की खोटी यावर वाद घालू नये. झोप लागत नाही ही तक्रार तिला स्वतःलाही मान्य असेल; त्यासाठी चला म्हणावे आणि हे तुमच्याऐवजी तुमच्या भावाने किंवा तिच्या माहेरच्या कोणीतरी सांगावे. केसपेपर काढताना किती दिवस, किती तास झोप, जेवण, मुलांशी वागणे असे कागदावर लिहून न्या, कारण डॉक्टरांसमोर पाच मिनिटांत काहीही आठवत नाही. भरती करण्याची वेळ आलीच, तर मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (रुग्णाच्या वतीने निर्णयात मदत करणाऱ्या व्यक्तीच्या) अर्जावर, तपासणीनंतर, संमती नसतानाही सुरुवातीला जास्तीत जास्त तीस दिवस ठेवता येते. माणसाला आत टाकून विसरून जाण्याची सोय कायद्यात नाही.

उत्तर ३ (निवृत्त शिक्षिका, सातपूर)

औषधोपचार सुरू होईपर्यंत मुलांना मामाच्या गावी पाठवावे असे मला वाटते. अकरा वर्षांच्या मुलीने किल्ल्या शोधत बसू नये.

उत्तर १ (पुन्हा)

बाईंची कळकळ योग्य आहे, परंतु शाळा सुरू असताना अचानक गाव बदलले, तर आपल्यामुळेच आई आजारी पडली अशी समजूत मुलगी करून घेते. सायंकाळी मुले आत्याकडे आणि सकाळी शाळेत, एवढे सध्या जमवता येते का पाहा. वर्गशिक्षिकेला खरे कारण सांगा. भाचीलाही सरळ सांगा, की आईला आजार झाला आहे, तो तिच्यामुळे झालेला नाही आणि रात्री भीती वाटली तर आत्याला फोन करायचा. तुमचा क्रमांक तिला पाठ आहे का?

प्रश्नकर्ती

क्रमांक पाठ नव्हता, आता करून घेतला आहे. किल्ली वरच्या मजल्यावरील काकूंकडे दिली. १४४१६ वर पाऊण तास बोलले. त्यांनीही झोपेच्या तक्रारीपासूनच सुरुवात करण्यास सांगितले. भाऊ परवा येत आहे. जिल्हा रुग्णालयात तोच तिला नेईल, त्या वेळी मुले माझ्याकडे असतील. आईला मात्र अजून पटलेले नाही. तिने अंगारा द्यावा, आम्ही गोळ्या देऊ, एवढ्यावर सध्या तडजोड झाली आहे.