१९७४ ची पोर्शे ९१४: दुसऱ्याऐवजी रिव्हर्स

प्रश्न: मंडळी, मी श्टुटगार्टजवळ राहतो. माझ्या ९१४ चा गिअरचा दांडा न्यूट्रलमध्येही नुसता डुलतो. पहिल्यातून दुसरा टाकायला जावं तर रिव्हर्सची करकर! दरवेळी काळजात धस्स होतं. गिअरबॉक्स उघडावा लागेल का?

उत्तर: अजिबात नको. या गाडीत पहिला डावीकडे खाली, रिव्हर्स त्याच्या बरोबर वर आणि दुसरा शेजारच्याच रांगेत. दांडा जरा ढिला झाला की चूक होणारच. इंजिन मध्ये, गिअरबॉक्स त्याच्याही मागे, म्हणून दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी सळई लांबलचक. फायरवॉलमधला, म्हणजे केबिन आणि इंजिनमधल्या पत्र्याच्या भिंतीतला, तिला आधार देणारा प्लास्टिकचा बुश (कडी) आधी बघा. गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर विसंबून खाली शिरू नका. कुणाला तरी दांडा हलवायला सांगा; ढिलेपणा कुठे आहे ते डोळ्यांना दिसतं.

उत्तर: सळईच्या सांध्यातला टोकदार स्क्रूही तपासा, तो सैल होतो. आणि सळईचा क्लॅम्प (पकड) सोडण्याआधी ती कुठे होती त्याची खूण करा. मी केली नव्हती, दोन रविवार गेले.

प्रश्नकर्ता: बुशचे तुकडे हातात आले! नवा बसवला, स्क्रू आवळला. आज दुसरा गिअर अलगद पडला. मनापासून आभार.