रक्त आणि समुद्र: कोणती पुस्तकं वाचू?

आजोबा मालवणला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायचे. दोराने तळहात फाटले की खाऱ्या पाण्यातच हात बुडवायचे. ते दृश्य डोक्यातून जात नाही. कथा असो वा सत्य, समुद्रातलं रक्त ज्यात खरं वाटतं अशी पुस्तकं सांगाल?

दर्यावेडी: हेमिंग्वेचं, पुलंनी मराठीत आणलेलं 'एका कोळियाने' आधी वाचा. त्यातल्या म्हाताऱ्याचेही हात दोराने कापतात, तोही ते खाऱ्या पाण्यात धुतो. आणि माशाला भाला बसल्यावर रक्ताचा ढग खोल उतरतो, त्याच वासावर पहिला शार्क वर येतो. पुढचा सगळा नाश त्या रक्तातून सुरू होतो. मी दरवेळी तिथे थांबते.

जुना वाचक: सत्यकथा हवी तर 'एसेक्स' जहाजाची. अमेरिकेतल्या नँटकेट बेटाचं. २० नोव्हेंबर १८२० ला पॅसिफिकमध्ये देवमाशाने धडक देऊन बुडवलं. २० माणसं तीन होड्यांत उतरली, वाचली ८. भुकेपोटी मेलेल्या सोबत्यांना खावं लागलं. एका होडीत तर चिठ्ठ्या टाकून कप्तानाच्या कोवळ्या मावसभावाला मारलं. ओवेन चेस या खलाशाने १८२१ मध्ये हे स्वतः लिहिलं. मेलव्हिलने 'मोबी डिक' या देवमाशाच्या कादंबरीसाठी (१८५१) तेच वाचलं होतं. आधी चेस वाचा. कादंबरी मोठी आहे, पण चेस त्या तीनपैकी एका होडीत स्वतः बसलेला होता.

प्रश्नकर्ती: 'एका कोळियाने' घरात आहे, आजोबांच्याच कपाटात! आज रात्रीच घेते.