‘इको-अँक्झायटी’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : हवामानबदलाचा मनावर होणारा परिणाम या विषयावर लेख लिहिते आहे. ‘पर्यावरणीय चिंता’ हा शब्द मला परिपत्रकातला वाटतो. ‘सोलास्टाल्जिया’ला, म्हणजे राहतो तो परिसरच पालटल्याच्या दुःखाला, तर शब्दच सापडत नाही. सुचवाल का? (खाली प्रत्येक ‘–’ला बोलणारा बदलतो.)

– ‘पर्यावरणीय चिंता’ वाचून पर्यावरणाबद्दल आस्था आहे, एवढंच कळतं. मूळ शब्दात जीव टांगणीला लागलेला आहे. ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या आरोग्यविषयक नियतकालिकात २०२१ साली १० देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १०,००० तरुणांची पाहणी आली होती, त्यात भारतही होता. ५९ टक्के जणांना हवामानबदलाची खूप किंवा अतिशय काळजी वाटत होती. ४५ टक्क्यांहून अधिक जणांनी सांगितलं, की याने रोजचं जगणंही बिघडतं. याला मराठीत घोर म्हणतात. ‘तिला हवामानाचा घोर लागलाय’ हे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

पण पुरातून वाचलेल्यांसाठी हा शब्द वापरू नका. पाऊस सुरू झाला की मध्यरात्री उठून उंबऱ्याशी पाणी आलं का बघणारा, कागदपत्रांची पिशवी उशाशी घेऊन झोपणारा माणूस धसका घेतलेला असतो. घोर पुढच्याचा, धसका घडून गेलेल्याचा. दोघांना लागणारी मदतही वेगळी, म्हणून लेखात हे शब्द एकमेकांत मिसळू देऊ नका.

आणि कृपा करून ‘विकार’ लिहू नका. संकट खरं आहे, तेव्हा घोर लागणारच. झोप, भूक, काम सुटायला लागलं तर मात्र डॉक्टरांना गाठावं.

– ‘सोलास्टाल्जिया’ हा ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ ग्लेन अल्ब्रेक्ट यांचा शब्द. ऑस्ट्रेलियातल्याच हंटर खोऱ्यात कोळशाच्या उघड्या खाणींनी तिथल्या लोकांचा परिसर पार पालटून टाकला. माणसं घरातच होती, भोवतालची ओळख मात्र पुसली गेली. ‘स्थळविरह’ कसा वाटतो?

– विरहात भेटीची आशा असते, म्हणून मला तो पटत नाही. कॅनडातल्या लॅब्राडोरच्या इनुइट या मूळ रहिवाशांचा समुद्रावरचा बर्फ उशिरा धरतो आणि लवकर फुटतो. शिकारीला जायची त्यांची वाटच तो बर्फ. ती डोळ्यांदेखत चालली आहे आणि परत येण्याची खात्री कुणी देऊ शकत नाही. ‘स्थळशोक’ म्हणा.

– पण शोक गेलेल्याचा करतात. इथे जाणं अजून चालूच आहे.

– खरंय. तरी आजारी माणसाच्या उशाशी बसलेलेही आतून शोकातच असतात. मी ‘स्थळशोक’च ठेवीन.

प्रश्नकर्ती : ‘घोर’ आणि ‘धसका’ घेतले. ‘स्थळशोक’ पहिल्यांदा येईल तिथे ‘आपल्याच घरात परकं वाटणं’ असा खुलासा जोडते.