मदत हवी आहे: शाळेला टेबल टेनिसचं टेबल मिळालंय, मुलींना शिकवायला सुरुवात कुठून करू?

मधली_सुट्टी

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. माजी विद्यार्थ्यांनी यंदा शाळेला टेबल टेनिसचं चांगलं टेबल दिलंय, सोबत बॅटी आणि चेंडूंचा डबा. गावात प्रशिक्षक नाही. आमच्या क्रीडाशिक्षकांकडे कबड्डी, खो-खो आणि ॲथलेटिक्स असं सगळंच आहे, त्यामुळे टेबलाची जबाबदारी मी मागून घेतली.

मागून घेण्याचं कारण सांगते. मैदानावर कधी न उतरणाऱ्या, वर्गात तोंडातून शब्द न काढणाऱ्या आठवी-नववीच्या काही मुली घंटा झाली की आता टेबलाकडे धावतात. त्यांना हा खेळ नीट शिकायला मिळावा आणि पुढच्या वर्षी जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेत उतरता यावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

अडचणी अशा. बॅट कशी धरायची इथपासून प्रश्न आहे, जी ती आपापल्या पद्धतीने धरते. आधी काय शिकवायचं, सर्व्हिस की फटके? नियमांवरून तर रोज वाद होतात. कुणी म्हणतं गेम 21 चा, कुणी 11 चा. सर्व्हिस तिरकीच करावी लागते का? चेंडू टेबलाच्या कडेला लागला तर? आणि टेबल एक, मुली वीस-पंचवीस. निम्म्या मुली नुसत्या उभ्या राहतात ते मला बघवत नाही.

जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

कडेचा_चेंडू

ताई, फार चांगलं काम हाती घेतलंय तुम्ही. मी बरीच वर्षं क्लब पातळीवर खेळलो, आता लहान मुलांना शिकवतो. शिकवण्याबद्दल लिहितो, नियमांवर इतर कुणी लिहितीलच.

पहिले काही आठवडे जोरात मारणं पूर्ण बंद. हे एवढं पाळलंत तरी पुढचं बरंच सोपं होईल. नव्या मुलांना स्मॅशचा मोह होतो, दहातला एक बसतो आणि तोच लक्षात राहतो. तुम्ही मोजायला लावा ते न चुकता झालेल्या फटक्यांचं: दोघींनी मिळून चेंडू किती वेळा टेबलावर ठेवला. वीस झाले की तीस, तीस झाले की पन्नास. मुलींना या मोजणीचं वेड लागतं.

पकड: हस्तांदोलनाला हात पुढे करतो तसा करायचा आणि त्यात बॅट घ्यायची. तर्जनी एका बाजूला रबराच्या खालच्या कडेशी आडवी, अंगठा दुसऱ्या बाजूला, उरलेली तीन बोटं मुठीभोवती सैल. तर्जनी बॅटच्या मधोमध सरळ ताणून धरायची सवय बऱ्याच जणांना असते, ती सुरुवातीलाच मोडा, कारण त्याने बॅकहँड (हाताच्या मागच्या बाजूने मारायचा फटका) अडतो. पेन धरल्यासारखीही एक पकड आहे, चीन-जपानमध्ये ती रूढ होती, पण शिकवायला जवळ कुणी नसताना तिच्या वाटेला जाऊ नका. पकड घट्ट असेल तर खांदा आखडतो. मुलीच्या हातातली बॅट तुम्ही हलकेच ओढून बघा, जरा सुटायला हवी.

उभं राहणं: पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले, वजन चवड्यांवर, बॅट टेबलाच्या वर आणि अंगासमोर. टेबलाला चिकटून उभं राहायचं नाही, हातभर मागे. फटका मारला की बॅट परत समोर आली पाहिजे. नवशिक्या हात खाली सोडून चेंडू कुठे गेला ते बघत उभ्या राहतात आणि पुढचा चेंडू सुटतो.

फटक्यांचा क्रम मी असा ठेवतो: बॅकहँड पुश (चेंडू खालून हलकेच पुढे ढकलणं), मग फोरहँड (तळहाताच्या बाजूने) ड्राइव्ह, म्हणजे पुढे-वर मारायचा फटका, मग बॅकहँड ड्राइव्ह आणि ब्लॉक (आलेला चेंडू बॅट समोर धरून नुसता परतवणं). काही प्रशिक्षक फोरहँड ड्राइव्ह आधी घेतात, तेही चालतं. माझा अनुभव असा की पुशने चेंडू सावकाश येतो, रॅली, म्हणजे चेंडूची ये-जा, टिकते आणि मुलीला खेळल्याचा आनंद पहिल्याच आठवड्यात मिळतो. टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणं, सध्या राहू द्या. ड्राइव्ह मारताना नुसता हात फिरवायचा नाही, कंबर वळली पाहिजे आणि बॅट कपाळाच्या दिशेने वर यायला हवी. आरशासमोर किंवा एकमेकींसमोर चेंडूशिवाय तोच फटका पुन्हा पुन्हा करायचा, याला शॅडो प्रॅक्टिस म्हणतात. त्याला टेबल लागत नाही, म्हणजे उभ्या राहणाऱ्या मुलींचा प्रश्न थोडा सुटला.

पंचांची_खुर्ची

नियमांचं मी घेतो.

गेम 11 गुणांचा. 21 चा होता तो 2001 पर्यंत, जुनी मंडळी अजून तेच धरून बसतात. दर 2 गुणांनी सर्व्हिस बदलते. 10-10 झाले की प्रत्येक गुणाला सर्व्हिस बदलते आणि कुणीतरी 2 गुणांनी पुढे जाईपर्यंत गेम चालतो. गेम संपला की बाजू बदलायची. निर्णायक गेममध्ये कुणाचेही 5 गुण झाले की मध्येच बाजू बदलायची.

एकेरीत सर्व्हिस तिरकी करायची सक्ती नाही, समोरच्या अर्ध्यात कुठेही टाका. सक्ती फक्त दुहेरीत आहे.

आता सर्व्हिस. इथे जरा थांबून लिहितो, कारण मुलांचे सर्वाधिक गुण स्पर्धेत इथेच कापले जातात आणि घरगुती खेळात कुणी ते सांगत नाही. चेंडू उघड्या, सपाट तळहातावर स्थिर ठेवायचा, बोटांत पकडायचा नाही. तिथून तो जवळपास सरळ वर, निदान 16 सेंटिमीटर उडवायचा, फिरकी न देता. नेटची उंची 15.25 सेंटिमीटर असते, त्यामुळे ‘नेटपेक्षा जरा जास्त’ असं मुलींना सांगितलं की पट्टी लागत नाही. चेंडू खाली येत असतानाच मारायचा. उडवल्यापासून मारेपर्यंत तो टेबलाच्या पृष्ठभागाच्या वर आणि मागच्या कडेच्या बाहेर राहिला पाहिजे. टेबलावर वाकून आतून सर्व्हिस करणं चूक. चेंडू उडवला की मोकळा हात बाजूला घ्यायचा. हात, खांदा किंवा कपड्याआड चेंडू लपवायला 2002 पासून बंदी आहे. चेंडू उडवला आणि मारायचा राहून गेला तरी गुण गेला.

सर्व्हिस आधी आपल्या बाजूला, मग समोर टप्पा. नेटला घासून गेली आणि बाकी सगळं बरोबर असेल तर लेट, पुन्हा सर्व्हिस, कितीही वेळा. रॅलीत मात्र नेटला लागून पलीकडे पडलेला चेंडू चालूच राहतो.

कडेचा वाद: वरच्या पृष्ठभागाच्या कडेला चेंडू लागला तर तो चांगला. टेबलाच्या उभ्या बाजूला, म्हणजे जाडीला, लागला तर बाद. ओळखायची खूण: कडेला लागलेला चेंडू साधारणपणे वर किंवा बाहेर उडतो, उभ्या बाजूला लागलेला खालीच जातो.

आणखी दोन गोष्टी. रॅली चालू असताना बॅट नसलेला हात टेबलाच्या वरच्या पृष्ठभागाला लागला तर गुण जातो, आणि टेबल हललं तरी जातो. दुसरी, समोरच्याचा चेंडू टप्पा न पडता लांब बाहेर चाललाय आणि टेबल ओलांडल्यावर तुमच्या अंगाला लागला, तर गुण तुमचा. तोच टेबलाच्या वर किंवा टेबलाकडे येत असताना टप्प्याआधी अडवलात तर गुण त्याचा. यावरून मोठी माणसंसुद्धा भांडतात.

मधली_सुट्टी

किती मनापासून लिहिलंत दोघांनी! पुशचा क्रम आजच सुरू केला. सर्व्हिसचा नियम मी तक्त्यावर लिहून भिंतीला लावणार आहे.

एक नवीन शंका. नववीतली एक मुलगी बॅट खालच्या दिशेने कापत सर्व्हिस करते. समोरची कशीही मारो, चेंडू नेटमध्येच जातो. बाकीच्या मुली आता तिच्याशी खेळायला घाबरतात. हे का होतं आणि उपाय काय?

कडेचा_चेंडू

ही मुलगी जपा ताई, तिच्या हातात कला आहे!

चेंडूला ती उलटी फिरकी देते, बॅकस्पिन. असा फिरणारा चेंडू समोरच्या रबराला लागला की रबर त्याला पकडतं आणि तो खाली घसरतो. उपाय: बॅटचा चेहरा थोडा आकाशाकडे उघडायचा आणि चेंडूच्या खालून पुढे ढकलायचं, म्हणजे तोच पुश. टॉपस्पिन आलं तर बरोबर उलट: चेंडू वर उडायला बघतो, म्हणून बॅट टेबलाकडे झुकवायची. फिरकी ओळखायची ती चेंडू लागताना समोरच्याची बॅट कुठे चाललीय त्यावरून. खाली चालली तर बॅकस्पिन, वर चालली तर टॉपस्पिन. हाताचा नंतरचा झोका फसवा असतो.

तुम्ही विज्ञानाच्या, म्हणून एक सुचवतो. मार्करने एका चेंडूचा अर्धा भाग रंगवा. फिरकी डोळ्यांना दिसते आणि मुलींची भीती जाते. दुसरा प्रयोग टेबलाचा: नियमाप्रमाणे 30 सेंटिमीटरवरून सोडलेला चेंडू सुमारे 23 सेंटिमीटर उसळला पाहिजे. चारी कोपऱ्यांत करून बघा, फरशी समतल नसेल तर तेही लक्षात येईल. टेबलाची उंची 76 सेंटिमीटर हवी.

जुना_स्पंज

थोडं विषयाला धरून, थोडं सोडून. 1952 ची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली होती. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला आणि एकेरीचं विजेतेपद घेऊन गेला. तोवरच्या बॅटी नुसत्या दाणेदार रबराच्या, चेंडू लागला की टक् असा आवाज यायचा. त्या आवाजावर सवयीचे झालेले खेळाडू सातोच्या निःशब्द बॅटसमोर गोंधळले. पुढे 1959 मध्ये बॅटच्या रबरावर जाडीची मर्यादा आली. आज स्पंज, रबर आणि गोंद मिळून 4 मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही. आपल्या मुलींना हे जरूर सांगा, या खेळाच्या इतिहासातलं एक मोठं वळण आपल्या मुंबईत घडलंय.

मनिका बत्रा बॅकहँडला लांब दाण्यांचं रबर वापरते, त्याने समोरच्याची फिरकी उलटून परत येते. 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने एकेरीचं सुवर्ण जिंकलं. तरीही शिकणाऱ्यांनी दोन्ही बाजूंना गुळगुळीत रबरच लावावं, नाहीतर फिरकीची समज येत नाही. खेळून झाल्यावर रबर ओल्या फडक्याने पुसा आणि बॅटी उन्हात किंवा खिडकीत ठेवू नका, रबर कडक होतं.

पायवाट

एक टेबल आणि पंचवीस मुली, यावर माझं. मीही शाळेतच शिकवते.

टेबलावर एका वेळी चौघी ठेवा. मधल्या रेषेने दोन भाग, प्रत्येक भागात समोरासमोर एक जोडी, फक्त सरळ खेळायचं. तिरकं गेलं तर शेजारच्या चेंडूला आडवं जातं. चौघी भिंतीशी: भिंतीवर नेटच्या उंचीची खडूची रेघ आणि तिच्या वर चेंडू मारत राहायचं. काहीजणी शॅडो, काहीजणी बॅटवर चेंडू उडवत चालणार, एकदा तळव्याकडची बाजू तर एकदा उलटी. बॅटी कमी असतील तर शॅडोला वही पुरते. दहा मिनिटांनी सगळ्यांनी जागा बदलायची.

आठवड्यातून एकदा बादलीभर चेंडू घ्या. तुम्ही एकामागून एक टाकायचे, एक मुलगी मारणार, दोघी-तिघी गोळा करणार. टाकायला तुम्हाला उत्तम खेळता यायची गरज नाही, एकाच जागी सारख्या वेगाने टाकता आलं की झालं.

आणि गुण सांगायचं, पंच व्हायचं काम पाळीपाळीने प्रत्येकीला द्या. तुमच्या गप्प बसणाऱ्या मुली मोठ्याने ‘सात-पाच’ म्हणायला लागतील.

मधली_सुट्टी

पंचांची कल्पना उद्यापासूनच. तुम्हा सगळ्यांची खूप ऋणी आहे. शेवटचं एकच: दुहेरीचा क्रम मला अजून उलगडत नाही. कोण कुणाला सर्व्हिस करणार?

पंचांची_खुर्ची

दुहेरीत सर्व्हिस आपल्या उजव्या अर्ध्यातून समोरच्यांच्या उजव्या अर्ध्यात, म्हणजे तिरकी. मधली रेषा उजव्या भागात धरतात, तिला लागलेला चेंडू चांगला. त्यानंतर जोडीतल्या दोघींनी आलटून पालटूनच मारायचं, एकीने लागोपाठ दोनदा मारलं की गुण गेला.

समजा अ आणि ब विरुद्ध क आणि ड. अ ने क ला 2 सर्व्हिस केल्या. मग क करणार ब ला, ब करणार ड ला, ड करणार अ ला, आणि पुन्हा अ कडून क ला. ज्या मुलीने आत्ता सर्व्हिस घेतली ती पुढची सर्व्हिस करते, एवढं धरलं की क्रम चुकत नाही. पुढच्या गेममध्ये घेणाऱ्यांचा क्रम बदलतो: क ने सुरुवात केली तर सर्व्हिस घेणार तीच, जिने आधीच्या गेममध्ये क ला सर्व्हिस केली होती, म्हणजे अ. निर्णायक गेममध्ये 5 गुणांवर बाजू बदलताना सर्व्हिस घेणाऱ्या जोडीने आपला क्रम बदलायचा असतो, तो विसरतात. चौघींच्या पाठीला अ, ब, क, ड कागद लावून एकदा चेंडूशिवाय फिरवा.