टायब्रेकरला दुसऱ्या बेसवर नेमकं कोण उभं राहणार?

क्रीडाशिक्षिका, कोल्हापूर
काल मेरी वेदर मैदानावर आमच्या मुलींची सॉफ्टबॉल मॅच 7-6 नं गेली. हरल्याचं काही नाही, पण ज्या कारणानं हरलो ते डोक्यातून जाईना.

75 मिनिटांनंतर नवी इनिंग नाही, असं ठरलं होतं. चौथी संपली तेव्हा आम्ही 6-4 नं मागं, घड्याळात 74 मिनिटं. मुली ग्लोव्हज घालून आत जाईपर्यंत 77 झाली. समोरचे सर म्हणाले, वेळ संपली, आम्ही जिंकलो. अंपायरनी पाचवी खेळवली आणि आम्ही 6-6 केले.

त्यात आमची बॅटिंग संपवणारा तिसरा आऊट असा: बॅटिंग ऑर्डरमधली दोन नंबरची मुलगी पहिल्या बेसवर, तीन नंबरनं सिंगल (पहिल्या बेसपर्यंत पोचवणारा हिट) मारला आणि तिसऱ्या बेसकडं पळताना दोन नंबरची आऊट. सहावीला टायब्रेकर, म्हणजे बरोबरी फोडायला बॅटिंग करणाऱ्या टीमची एक रनर आधीच दुसऱ्या बेसवर उभी करून सुरुवात. बॅटिंगला चार नंबर, म्हणून मी तीन नंबरला दुसऱ्या बेसवर पाठवलं. ती आमची सगळ्यांत चपळ. समोरून हरकत आली, "शेवटी आऊट झाली तीच उभी राहणार." अंपायरनी मानलं. दोन नंबर आमची कॅचर (बॅटरच्या मागं बसून चेंडू झेलणारी), पायानं जड. पुढं सेंटरच्या हिटवर ती होम प्लेटला, म्हणजे रन पूर्ण होतो तिथं, आऊट झाली आणि मॅच संपली. रात्री तिच्या आईचा फोन आला, पोरगी जेवली नाही. माझं चुकलं होतं का?

जुना अंपायर
नाही मॅडम. इनिंग जी बॅटर सुरू करणार, ऑर्डरमध्ये तिच्या लगेच आधीची खेळाडू दुसऱ्या बेसवर. म्हणजे तुमची तीन नंबरच. आऊट कोण झालं याच्याशी संबंध नाही. बहुतेक वेळा तिसरा आऊट बॅटरचाच असतो, दोन्ही हिशोबांनी नाव एकच येतं, म्हणून हा गैरसमज टिकलाय. चुकीची रनर उभी असेल तर लक्षात आल्यावर बदलता येते, दंड नाही. पण तुमची हरकत पुढच्या पिचच्या, म्हणजे पिचरनं पुढचा चेंडू टाकण्याच्या, आधी नोंदवायला हवी होती. आता निकाल फिरणार नाही. कॅचरच्या जागी राखीव मुलगीही पळवता आली असती.

वेळेबाबत अंपायर बरोबर. मागच्या इनिंगचा शेवटचा, तिसरा आऊट झाला त्या क्षणी पुढची इनिंग सुरू झाली असं धरतात, पहिल्या पिचपासून नाही. मूळ खेळ 7 इनिंगचा, टायब्रेकर आठवीपासून. वेळेची मर्यादा घालणारे आयोजक असतात, त्यामुळं टाय झाली तर काय, हे मॅचआधी होम प्लेटपाशी विचारून घ्या.

पेठेतला पालक
आपल्याकडं टायब्रेकर म्हणजे फुटबॉलच्या पेनल्टी! मुलीच्या पहिल्या मॅचला मीही तसंच समजलो. फुकटची रनर कशाला देतात?

जुना अंपायर
खेळ लांबत जातो आणि पिचरचा खांदा जातो म्हणून. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनोनं दोन दिवसांत 413 पिच टाकले. 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकला जपान-मेक्सिको मॅच टायब्रेकरमुळं आठव्या इनिंगमध्येच सुटली, 3-2.

स्कोअरबुकवाली
एक राहिलं. टायब्रेकरला ठेवलेल्या रनरचा रन पिचरच्या खात्यावर अर्न्ड, म्हणजे तिच्यामुळं गेलेला, धरत नाहीत. मॅडम, तुमच्या वहीत तसं लिहिलंय का बघा.

क्रीडाशिक्षिका, कोल्हापूर
नव्हतं लिहिलं, आत्ता दुरुस्त केलं. त्यांचा सातवा रन त्याच रनरचा, आणि आमची पिचर कालपासून तो स्वतःवर घेऊन बसलीय. तिला फोन करते. कॅचरच्या घरी संध्याकाळी वही घेऊनच जाणार आहे.